नाव सांगणारा

मोतीबिंदू काढायला मी पुण्याला पुतण्याकडं गेलो तो आठ दिवसांच्या बोलीवर, आणि राहिलो महिनाभर. पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचा मुलगा. भावाला आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादाला जाऊन आता अकरा वर्षं झाली. पोरगा बँकेत आहे, पण त्याचा जीव सिनेमात. लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि मध्यरात्रीपर्यंत परदेशातले जुने काळे-पांढरे सिनेमे बघत बसायचं, हा त्याचा शनिवार-रविवारचा कार्यक्रम. सूनबाई म्हणते, "नाना, ह्यांना तुमच्याकडंच ठेवायला पाहिजे होतं, दारं धरायला. जागरणाचं चीज तरी झालं असतं."

डॉक्टरनं टीव्ही बघायची परवानगी दिली त्या शनिवारी तो म्हणाला, "नाना, आज नव्या डोळ्यानं एक दरोडा बघायचा."

सिनेमाचं नाव 'रिफिफी'. फ्रान्समधला, 1955 सालचा, म्हणजे माझ्याहून थोरला. माणसं फ्रेंच बोलणार आणि खाली इंग्रजी अक्षरं पळणार. माझी दहावी 1977 ची आणि इंग्रजीत मी काठावर सुटलेला. एक ओळ लावून होईपर्यंत दुसरी येते. म्हणून असं ठरलं, की पोरानं मध्ये मध्ये थांबवून मला सांगायचं. सुरुवातीला त्यानं सांगितलंही. पण दरोडा सुरू झाला आणि सांगायचं कामच उरलं नाही. जवळजवळ अर्धा तास पडद्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. गाणं नाही, वाजंत्री नाही. तेवढा अर्धा तास पदवी घेतलेला पुतण्या आणि दहावीवाला नाना एका बाकावर.

आधी माणसं सांगतो, कारण सगळी गोष्ट माणसांची आहे, दागिन्यांची नाही.

टोनी हा म्होरक्या. उतरलेला, खोकणारा, नुकताच पाच वर्षांची सजा भोगून सुटलेला. ती सजा त्यानं भोगली ती जो नावाच्या तरुण साथीदाराला वाचवण्यासाठी. जो बायको-पोराचा माणूस, म्हणून टोनीनं त्याचं नाव घेतलं नाही आणि सगळं स्वतःवर घेतलं. जोनं आपल्या पोराचं नाव टोनिओ ठेवलंय, यात सगळं आलं. तिसरा मारियो. हा इटलीचा, पोटभर हसणारा, बायकोवर जीव असणारा. आणि चौथा सेझार. हा मिलानहून खास बोलावून आणलेला. तिजोरी उघडण्यात याचा हात धरणारा कुणी नाही, पण बाईच्या बाबतीत हलका. बुटका, नेटका, कपड्यांचा शौकीन. आमच्या तालमीत असा एकजण असायचाच, अंगाला तेल कमी आणि केसाला जास्त.

लुटायचं ते पॅरिसमधल्या रु द ला पे या श्रीमंत रस्त्यावरचं जवाहिऱ्याचं दुकान. आधी तयारी. तसलीच धोक्याची घंटा विकत आणतात आणि ती कशी गप्प करायची याचे प्रयोग करतात. काहीच चालत नाही. शेवटी आग विझवायच्या नळकांड्यातला फेस तिच्यात भरला की ती मुकी होते, हे सापडतं. मग ती रात्र. दुकानाच्या वरच्या घरात शिरायचं आणि जमीन फोडून खाली उतरायचं. पण फोडताना खडे-माती खाली पडली तर घंटा वाजणार. म्हणून आधी लहान भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि आत उघडतात. आता भोक मोठं करताना जे काही पडेल ते छत्रीत. हातोडीला फडकी. पायात मऊ जोडे. एकदा कुणाचा तरी हात पियानोच्या पट्टीला लागतो, तेव्हा चौघांबरोबर आम्हीही दोघं दचकलो. घाम पुसतात, घड्याळ बघतात, डोळ्यांनी बोलतात. एकाचा हात पुढं झाला की दुसऱ्यानं त्यात हवं ते हत्यार आधीच ठेवलेलं.

छत्री उघडली तेव्हा पुतण्या माझ्याकडं बघून हसला. मी हसलो नाही. माझं लक्ष त्या चौघांच्या हाताकडं होतं. मी हे केलेलं होतं.

1987 चा उन्हाळा. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. कालव्याचं आवर्तन लांबलं होतं, आणि आलं तेव्हा आमच्या चारीला पाणी सोडायच्या आधीच वरच्या वर संपत होतं. नमुना सातचे अर्ज भरलेले, पाणीपट्टी भरलेली, पण पाळी कागदावर. दादाचा दीड एकर ऊस, माझा पाऊण एकर, पैलवानाचा एकर. पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. आणि आमच्या बांधाला लागून कालव्याचा भराव, त्यावरून रात्रंदिवस पाणी खाली चाललेलं. ऐकू यायचं. तहानलेल्या माणसाच्या उशाशी रांजण झिरपावा तसं.

दादा मुळात शांत माणूस. पण एका रात्री खळ्यावर बसून म्हणाला, "इंजिन लावलं तर पाटकऱ्याला आवाज जातोय. बिनआवाजाचं काय तरी काढा."

काढलं ते मिस्त्रीनं. मिस्त्री आमच्या गावात इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला शेतीचा तुकडा नव्हता, ऊस नव्हता, त्याचं या पाण्यात एका घागरीचंही हित नव्हतं. दादानं बोलावलं म्हणून तो आला. तो म्हणाला, काळा लवचीक पाईप घ्यायचा, अख्खा कालव्यात बुडवायचा, सगळी हवा गेली की एका तोंडात पोत्याचा बोळा मारायचा आणि ते तोंड भरावावरून ओढत खाली रानात आणायचं. दुसरं तोंड पाण्यातच. रान कालव्याच्या खाली, मग बोळा काढला की पाणी आपोआप येतं. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही.

पाईप पाण्यानं भरलेला असला की मढ्यासारखा जड होतो. पैलवान पुढं, आम्ही तिघं मागं, अमावास्येच्या रात्री तो आम्ही भरावावरून ओढला. खोकला आला तर तोंडात टॉवेल कोंबायचा असं ठरलं होतं. पहिल्या रात्री पाणी सरीत पडताना धबधब आवाज आला. मिस्त्रीनं झटक्यात आपला सदरा काढला, पाईपाच्या तोंडाला गुंडाळला, खाली पोतं अंथरलं. आवाज गेला. त्या वेळी मला छत्री ठाऊक नव्हती. तीन रात्री आम्ही पाणी घेतलं, आणि तीन रात्रीत आम्ही चौघं एकमेकांशी वीस शब्दसुद्धा बोललो नसू. तसा मेळ पुढं मला कधी कुणाशी जमला नाही, भावकीत नाही आणि सोसायटीत तर नाहीच.

चोरी ती चोरीच. खालच्या टोकाच्या माणसाचं पाणी आम्ही घेतलं, हे मला तेव्हाही कळत होतं. ते झाकायला मी हे लिहीत नाही.

तर सिनेमात चौघं फत्ते होतात. 24 कोटी फ्रँकचा माल. पोलीस नाही, साक्षीदार नाही. इथंच संपायला पाहिजे. पण तिजोरीतला माल उचलताना सेझारनं एक अंगठी गुपचूप खिशात घातलेली असते आणि ती तो नाइट क्लबातल्या गाणाऱ्या बाईला देतो. तो क्लब ग्रुटर नावाच्या गुंडाचा. ग्रुटरला अंगठी दिसते आणि त्याला सगळा उलगडा होतो. त्याची माणसं सेझारला धरतात, आणि सेझार मारियोचं नाव सांगतो.

पुतण्यानं इथं सिनेमा थांबवला. चहा ठेवायचा होता. जाता जाता म्हणाला, "बघा नाना, एवढी डोक्याची माणसं, आणि घालवलं कशानं तर एका अंगठीनं."

मी टीव्हीवर थिजलेल्या सेझारच्या तोंडाकडं बघत बसलो.

माझी अंगठी म्हणजे माझी जीभ. चौथ्या दिवशी माझा मेव्हणा आला होता. रानात गेला, बघतो तर सगळ्या शिवारात ऊस करपलेला आणि आमचा तेवढा ताठ. "दाजी, काय जादू?" म्हणाला. मी 26 वर्षांचा, नवीन लग्न झालेलं, सासरच्या माणसानं विचारलेलं. छाती फुगली. पाईपाची सगळी हकिकत त्याला रंगवून सांगितली. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं ती एका लग्नाच्या पंगतीत सांगितली, तिथून ती कुठून कुठं गेली कोण जाणे, आणि आठवड्यात मला चौकीवर बोलावणं आलं.

सेझारला मारून, बांधून विचारलं होतं. मला बसायला खुर्ची दिली होती. चहासुद्धा दिला. तिथला साहेब आवाज न चढवता म्हणाला, "पंचनामा झालाय. केस पोलिसाकडं द्यायची का दंडावर भागवायचं, ते तुझ्यावर आहे. ही युक्ती कुणी काढली?" बायकोला सातवा महिना होता. आता विचार करतो तेव्हा वाटतं, मी दोन मिनिटं गप्प बसलो असतो तर त्यानं तो प्रश्न पुन्हा विचारलाही नसता, त्याची जेवणाची वेळ झाली होती. पण मी बशी खाली ठेवली आणि दादाचं नाव सांगितलं.

युक्ती दादाची नव्हतीसुद्धा.

इथवर मी पुतण्याला काही बोललो नव्हतो. चहा आला, सिनेमा पुढं चालू झाला.

मारियोच्या घरी ग्रुटरची माणसं पोचतात. मारियोच्या बायकोला फोनवरून टोनीला सापळ्यात बोलवायला सांगतात. ती फोन घेते आणि बोलवायच्या ऐवजी टोनीला सावध करते. दोघंही नवरा-बायको मारली जातात. सिनेमात सेझारची कबुली आपल्याला फारशी दिसतही नाही, पण ह्या बाईचं न सांगणं मात्र डोळ्यांपुढं घडतं. तिनं काही शपथ घेतलेली नव्हती, टोळीत तिचा वाटा नव्हता. टोनी मग मारियोच्या मयताला मोठा खर्च करतो, स्वतःचं नाव न लावता.

नंतर टोनी ग्रुटरच्या शोधात त्या बंद क्लबात जातो, आणि तिथं पडद्यामागच्या पसाऱ्यात सेझार बांधलेला सापडतो. सेझार त्याला खरं काय ते सांगतो, की मी भ्यालो. कारण दुसरं काही नाही. टोनी त्याला म्हणतो की तू मला आवडायचास, पण आपला नियम तुला माहीत आहे. सेझारही मान हलवतो, माहीत आहे. टोनी हळूहळू मागं सरकतो आणि गोळ्या घालतो. रागानं नाही. टोनीचं तोंड असं दिसतं, की पाय मोडलेल्या जनावराला धनी स्वतः संपवतो तेव्हा त्याचं दिसतं.

पुतण्यानं पुन्हा थांबवलं. "नाना, हा सेझार झालाय ना, तोच ह्या सिनेमाचा दिग्दर्शक."

मग त्यानं सांगितलं ते मला सिनेमाइतकंच लागलं. दिग्दर्शकाचं नाव ज्यूल्स डॅसिन. नाव ऐकून फ्रेंच वाटतो, पण माणूस अमेरिकेचा, न्हाव्याचा मुलगा, 1911 चा जन्म. हॉलिवूडमध्ये त्याचं चांगलं चाललेलं. महायुद्धानंतर तिकडं कम्युनिस्टांना हुडकायची लाट आली. सरकारच्या समितीपुढं सिनेमावाल्यांना उभं करायचे आणि विचारायचे, तुझ्याबरोबर कोण कोण होतं, नावं सांग. नाव आलं की त्या माणसाला काम बंद. एडवर्ड डमिट्रिक म्हणून एक दिग्दर्शक होता. तो पहिल्यांदा नाही म्हणाला आणि तुरुंगात गेला. तुरुंगातून आल्यावर त्याचा धीर सुटला आणि 1951 मध्ये त्यानं नावं सांगितली. त्यात डॅसिनचं होतं. डॅसिन युरोपात गेला, तिथंही त्याला काम मिळू देईनात. फ्रान्समध्ये एक सिनेमा सुरू व्हायच्या बेतात असताना हातातून काढून घेतला. काही वर्षं अशीच गेल्यावर हा 'रिफिफी' मिळाला, तोही थोड्या पैशांचा. सेझारच्या कामाला ठरवलेला नट ऐनवेळी राहिला, म्हणून डॅसिन स्वतः उभा राहिला, पाट्यांमध्ये पेर्लो विता असं दुसरंच नाव लावून. त्या वर्षी कान्सच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं.

पुढं त्यानं स्वतःच सांगितलंय म्हणे, की सेझारला मारायचा प्रसंग करताना त्याच्या मनात ते मित्र होते, ज्यांनी मित्रांची नावं सांगितली.

मी पोराला म्हटलं, "मग ह्यानं स्वतः सेझार कशाला व्हायचं? ह्यानं टोनी व्हायला पाहिजे होतं."

तो म्हणाला, "नट मिळाला नाही म्हणून, नाना."

असेल. पण मला ते पटलं नाही. ज्याचं नाव सांगितलं गेलं तोच नाव सांगणाऱ्याचा सदरा घालून बांधून घेतो, मी भ्यालो म्हणतो आणि गोळी खातो. त्याला सेझार हरामखोर दाखवता आला असता, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यानं तसं केलं नाही. सेझार शेवटपर्यंत आपल्याला आवडत राहतो, म्हणूनच ती गोळी आपल्याला लागते. आणि तरी त्यानं सेझारला सोडलंही नाही. माफी दिली नाही. मी भिंतीला टेकून हाच हिशेब करत होतो, की दादानं मला काय दिलं होतं.

दादानं त्या दिवशी चौकीवर जाऊन लिहून दिलं, की पाईप माझा, डोकं माझं, बाकीची माणसं मी मजुरीनं बोलावली होती, त्यांना काही माहीत नव्हतं. दंड त्याच्यावर एकट्यावर बसला. पाईप जप्त. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. तंबाखू मागितली. म्हणाला, "मी सगळं माझ्या अंगावर घेतलंय. तुम्ही कुणी तोंड उघडू नका. जेवलास का?" नाव कुणी सांगितलं हे त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं सत्तावीस वर्षं नाही. त्याला ठाऊक होतं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. चौकीवर मला बोलावलेलं त्यानं बघितलं नव्हतं, पण गाव केवढंसं.

दंड भरायला दादानं एक बैल विकला. बाजार सात मैलांवर. दादाला ताप होता, म्हणून बैल घेऊन मी गेलो.

हे सगळं एक वेळ मी पचवलं असतं. सेझारनं एक नाव सांगितलं आणि तो संपला. माझं पुढचं आहे. पैलवानाला वाटलं, नाव मिस्त्रीनं सांगितलं. त्याचा तर्क सरळ होता. चौघांत ज्याला रान नाही, ऊस नाही, त्यालाच फुटायला सोपं. त्यानं मिस्त्रीशी बोलणं टाकलं, मग भावकीनं टाकलं, मग हळूहळू गावानं त्याच्याकडं इंजिनं टाकायची बंद केली. मिस्त्री दोनदा माझ्याकडं आला. "तुला तरी माहीत आहे का रं, कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "सोड की. झालं ते झालं." वर्षभरात तो बिऱ्हाड घेऊन तालुक्याला गेला.

सिनेमा अजून शिल्लक होता. ग्रुटर आता जोच्या पोराला, टोनिओला पळवतो. पोर सात-आठ वर्षांच्या आतलं. पैसे दे, पोर घे. टोनी जोला म्हणतो, पैसे दिलेस तर पोर मारतील, मला शोधू दे. जोची बायको लुईज नवऱ्याला एक बोलते, ते पुतण्यानं मला दोनदा सांगितलं. तुझ्यासारखी गरिबीत वाढलेली लाखो पोरं आहेत, ती काही गुंड झाली नाहीत, मर्द ती आहेत, तू नाहीस, असं काहीसं. सगळ्या सिनेमात खरं एवढंच कुणीतरी बोललं. आणि पोराचा पत्ता लागतो कुणामुळं? मादो नावाच्या बाईमुळं. ही टोनीची जुनी बाई. तो तुरुंगात असताना ती ग्रुटरकडं गेली म्हणून सुटून आल्या आल्या टोनीनं तिला पट्ट्यानं मारलेलं. ते दृश्य मला बघवलं नाही, मी डोळ्यात थेंब घालायचं निमित्त करून उठलो होतो. तीच शेवटी वाट दाखवते. पुरुष नियम नियम करत मरतात, आणि निष्ठा बघायची तर मारियोची बायको आणि ही मार खाल्लेली मादो.

टोनी पोराला सोडवतो. पण तोवर जोचा धीर सुटलेला असतो, तो पैसे घेऊन निघालेला असतो. टोनीनं ज्याच्यासाठी पाच वर्षं घातली, तोच त्याचं ऐकत नाही. जो मरतो, ग्रुटर मरतो, टोनीला गोळी लागते. मग तो उघड्या मोटारीत पोराला घालून पॅरिसमधून सुसाट निघतो, पोटातून रक्त चाललेलं. मागं ते पोर खेळातलं पिस्तूल घेऊन उभं राहतं, वारा खातं, ठो ठो करतं, टोनीच्या डोक्याला पिस्तूल लावतं. त्याला बापाचं काही माहीत नाही. काकाचं काही माहीत नाही. त्याला मजा वाटत असते. दारात गाडी पोचते आणि टोनी संपतो. आई पोराला उचलून घेते. पैशाची बॅग तशीच राहते.

दिवा लावायला पुतण्या उठला. 1987 ला तो सहा वर्षांचा होता. बैल नेताना गोठ्याच्या दारात उभा राहून रडला होता. मी त्याला म्हणालो होतो, लगीच आणतो माघारी.

"नाना," तो म्हणाला, "तुम्ही टोनीच्या जागी असता तर सेझारला मारलं असतं?"

मी म्हणालो, "मला सेझारच्या जागचं विचार."

मग सांगितलं. चौकी, बशी, नाव, मिस्त्री, सगळं. सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती, ती आत गेली. पोर बराच वेळ काही बोललं नाही. टीव्हीचा पडदा निळा झाला होता.

"आमच्या घरात," तो शेवटी म्हणाला, "मिस्त्रीनं घात केला असंच म्हणायचे सगळे. आई अजून म्हणते."

"दादा म्हणायचा?"

त्यानं आठवून बघितलं. "आबा नाही म्हणायचे. विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सर्ज्या कितीला विकला होता?" मी आकडा सांगितला. माझ्या तो पाठ होता.

"मिस्त्री आहेत अजून?"

"हाय. तालुक्याला पोराचं मोटार भरायचं दुकान हाय, तिथं बसतो."

त्यावर तो काही बोलला नाही. अंथरूण घालून दिलं, डोळ्यात थेंब घातले, दिवा मालवला. मला वाटलं, उद्या एसटीत बसवून देईल आणि संपलं.

आठवड्यानं तो मला स्वतःच्या गाडीनं गावी सोडायला निघाला. वाटेत फार बोलणं नाही. तालुक्याच्या स्टँडच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली. समोर तांब्याच्या तारांची भेंडोळी टांगलेलं दुकान. बाहेर स्टुलावर एक म्हातारा मोटारीच्या पंख्याला पॉलिश पेपर मारत बसलेला. हात तसेच, काळे.

"मी इथंच थांबतो," पुतण्या म्हणाला. "तुम्ही जाऊन या."

मी रस्ता ओलांडला. म्हाताऱ्यानं कपाळावर आडवा हात धरून बघितलं.

"कोण? तू व्हय! डोळं केलंस का काय?"

"केलं."

"दिसतंय का आता?"

त्यानं पायानं दुसरं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी बसलो. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून पाईपापासून केली.